तेरा महिन्यांची कॉन्फिग

माझं शिक्षण चौथी. पाचवीला नाव होतं, पण एका पावसाळ्यात वडिलांबरोबर लाँचीच्या इंजिनाला हात लावला नि परत शाळेत गेलो नाही. त्यानंतर आयुष्यभर मच्छीमारांची इंजिनं दुरुस्त केली. इंग्रजी मला आलं ते सुट्या भागांच्या खोक्यांवरून. अक्षरं ओळखतो, शब्द जुळवतो, अर्थ लागला तर लागला. हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं वाचून कोणी म्हणेल म्हातारा थापा मारतोय. थापा मारायचं माझं वय गेलं.

बायको प्राथमिक शाळेत शिकवायची. चौथी शिकलेल्या फिटरला मास्तरीण मिळाली म्हणून बंदरावरचे लोक मला चिडवायचे. चिडवू देत. दिवाळीनंतर ती गेली. कशाने गेली ते इथे लिहीत नाही. लिहून काही होत नाही.

ती मागे एक पान ठेवून गेली. इंटरनेटवरचं पान. निवृत्त झाल्यावर पोरीकडून शिकून तिने ते स्वतः बनवलंन. फोनवर उघडलं की आजची तिथी दिसते, भरती किती वाजता नि सुकती किती वाजता ते दिसतं, नि खाली खाडीतल्या पाच जागांची नावं. ओहोटीला आमच्याकडे सुकती म्हणतात. पाणी सुकलं की बायका खडपावर, म्हणजे उघड्या पडलेल्या कातळावर उतरतात, कालवं फोडतात, चिखलातून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या वेचतात, नि पाणी चढायच्या आत परत येतात. पान त्यांच्यासाठी.

हिशेब आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती, पुढे बाराला सुकती. पण हा हिशेब उघड्या समुद्राचा. खाडीत आत पाणी उशिरा पोचतं नि उशिरा निघतं, कुठे वीस मिनिटं, कुठे पाऊण तास. फोनवर भरती सांगणारी दुसरी पुष्कळ पानं आहेत, ती सगळी बंदराची वेळ सांगतात. त्या वेळेवर विसंबून खाडीत उतरलं तर काही खरं नाही. बायकोने घड्याळ घेऊन काठावर उभं राहून एकेका जागेची मिनिटं काढलीन. महिनेच्या महिने. मी बरोबर असायचो, छत्री धरायला. शाळेत पोरांची हजेरी घ्यायची तशी पाण्याची हजेरी घ्यायची ती.

तर ते पान तिने एका तुकड्यात लिहिलेलं नाही. तिथ्यांची फाइल वेगळी, हिशेबाची वेगळी, रंगरूपाची वेगळी. सगळं जावास्क्रिप्टमध्ये. मग एक हत्यार असतं, ते काळ्या खिडकीत कमांड लिहून चालवायचं. ते सगळ्या फाइली गोळा करतं, नको ते टाकून देतं, नि एक हलकं पान बांधून हातात देतं, नेटवर्कची एकच दांडी असली तरी उघडेल असं. पोरगी ह्याला बिल्ड म्हणते. बायको म्हणायची, कालवं फोडून गर तेवढा घरी आणायचा, शिंपले काठावर ठेवायचे, तसंच हे. त्या हत्याराला कुठून काय उचलायचं नि कुठे ठेवायचं हे एका फाइलीत लिहून द्यावं लागतं. ती फाइल म्हणजे कॉन्फिग. सगळी गोष्ट त्या फाइलीची आहे.

तिथ्या ती वर्षाच्या वर्षाला भरायची, पाडव्यापासून फाल्गुन अमावास्येपर्यंत. त्यामुळे ती गेली तरी पान चालूच राहिलं. मी रोज सकाळी चहाबरोबर ते उघडायचो. मला कुठे तिसऱ्या वेचायला जायचं होतं, पण उघडायचो. आज सप्तमी. आज अष्टमी. तिने लिहिलेलं रोज थोडं थोडं येत होतं.

माघात एक दिवस खालच्या मोहल्ल्यातली भाभी अंगणात येऊन उभी राहिली. ही कालवंवाली. वयाने माझ्या बायकोएवढी, खडपावर सगळ्यांच्या पुढे हीच.

"भाऊ, बाईंचं पान पुढे कोरं आहे," ती म्हणाली. "पाडव्यापुढची सुकती बघायला गेले तर काहीच दाखवत नाही."

"बाई गेली, पान संपलं."

"बाई गेल्या ते मला सांगू नका. मी होते तेव्हा इथे. पान का संपलं ते सांगा."

मी म्हटलं, तुला बोटांवर हिशेब येतो की. ती म्हणाली, "मला येतो. सुनांना येत नाही. त्या फोन बघून उतरतात. पान नाही म्हणून थांबतील असं वाटतं काय तुम्हाला? बंदराची वेळ बघून उतरतील."

एवढं बोलून ती गेली. चहाही घेतलान नाही.

पोरगी बंगळुरात असते, तिचं कामच हे आहे. तिला फोन लावला. तिने मला नीट समजावलंन की नवीन वर्षाच्या तिथ्या भरायच्या नि पुन्हा बिल्ड करायचं. "फोल्डर पाठवा, मी करते," म्हणाली.

फोल्डर पाठवायचं म्हणजे आधी बायकोचा लॅपटॉप सुरू व्हायला हवा. तो पावसाळ्यानंतर उघडलाच नव्हता. दुकानात नेला तर दुकानदार म्हणाला आतली डिस्क गेली, मग नवी बसवून घेतली. बायकोने एका पेनड्राइव्हवर सगळं उतरवून ठेवलं होतंन, म्हणून वाचलं. त्यात तिथ्यांची फाइल होती, हिशेबाची होती, रंगरूपाची होती, नि चुका पकडायला एक तपासणीची होती. कॉन्फिग तेवढी खराब झालेली, उघडली की नुसते ठिपके. पोरगी म्हणाली ती नाहीतरी जुन्या पद्धतीची होती, नव्या हत्याराला चाललीच नसती. नवीन लिहावी लागेल.

"मी लिहितो," मी म्हटलं.

पोरगी म्हणाली, "बाबा, तुम्हाला एंटर कुठे असतं ते तरी माहीत आहे का?"

"उजवीकडे, मोठं. तुझ्या आईच्या नखाने त्याच्यावरचं अक्षर गेलंय."

मी हे तिला दुखवायला बोललो नव्हतो. मला खरंच तेवढंच माहीत होतं.

का हट्ट धरला असं कोणी विचारेल. सांगतो. बायकोची कपाटं भरून राहिली आहेत. साडीचं मी काय करू, चष्म्याचं काय करू. तिच्या वस्तूंपैकी चालू करता येण्यासारखी ही एकच होती. बंद पडलेली वस्तू चालू करणं एवढंच मला आयुष्यात आलं.

पोरीने एक अट घातलीन. "पाडव्यापर्यंत पान बरोबर झालं तर ठीक. नाही झालं तर मी ते बंद करणार, कायमचं. चुकीची वेळ दाखवणारं पान मी ठेवणार नाही. आईने पण ठेवलं नसतंन."

मी म्हटलं कबूल. त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

मग सुरू झालं. पोरगी तिच्या कामाच्या आधी अर्धा तास फोनवर, मी इकडे एका बोटाने. आधी नोड नावाचं काहीतरी बसवायचं, मग ते बिल्डचं हत्यार बसवायचं. काळ्या खिडकीत एक ओळ लिहून एंटर दाबलं तर पाण्यासारख्या ओळी धावल्या नि थांबल्या. फोल्डरात बघतो तर हजारो फाइली येऊन पडलेल्या. मी घाबरलो. पोरगी म्हणाली, "ती त्याची अवजारं. त्यांना हात लावू नका, पुसू नका, वाचू नका." हे मला पटलं. दुसऱ्याच्या पेटीतल्या अवजारांना मी पण हात लावत नसे.

कॉन्फिग छोटी. दहाबारा ओळी. पण एकेका ओळीला कंस, कंसात कंस, ओळीच्या शेवटी स्वल्पविराम. पहिल्या दिवशी कमांड चालवली तर लाल अक्षरं. दुसऱ्या दिवशी पण लाल. मी वैतागून पोरीला म्हटलं, हे शिव्या घालतंय. ती म्हणाली, "शिव्या नाहीत बाबा. खाली बघा, बाण दिसतोय?" बघितलं तर खरंच. ओळीचा नंबर लिहिलेला नि त्या ओळीखाली एक बारीक बाण, बरोबर ज्या जागी मी स्वल्पविराम विसरलो होतो तिथे टोचलेला.

इंजिन तुम्हाला असं कधी सांगत नाही. इंजिन धूर काढतं, खोकतं, थरथरतं, नि तुम्ही कान लावून बसायचं. एका आवाजासाठी मी अख्खं मशीन खोललेलं आहे नि शेवटी निघालं काय, तर एक ढिला नट. आणि हे हत्यार बोट दाखवून सांगतंय, इथे. एवढ्या इमानदार यंत्राला मी दोन दिवस शिव्या घातल्या. त्या दिवसापासून लाल अक्षरांची भीती गेली. उलट आली की बरं वाटायचं, आता कळेल कुठे दुखतंय.

जुन्याच तिथ्या ठेवून आधी एकदा चालवून बघायचं ठरलं. पाचव्या दिवशी हिरवी ओळ आली. पान बांधून झालं, इतक्या सेकंदांत. मी उठून अंगणात जाऊन आलो. मग पोरीने सांगितलेल्या कमांडने पान वर पाठवलं, फोनवर उघडलं. पांढरं. नुसतं पांढरं.

"तुम्ही पत्ता कुठला दिलात?" पोरीने विचारलंन. तिची एक मोठी साइट आहे, तिच्या आतल्या एका कोपऱ्यात आईचं पान राहतं. मी कॉन्फिगमध्ये पत्ता लिहिला होता तो बाहेरच्या दाराचा. पान उघडायचं आतल्या खोलीत, नि आपल्या फाइली शोधायचं दारात. एक ओळ बदलली, आतल्या खोलीचं नाव घातलं. पुन्हा बिल्ड. ह्या वेळी उघडलं, नि आईच्या हिरव्या रंगातलं पान समोर आलं. आई म्हणजे पोरीची आई. मी पण आता तिला तसंच म्हणायला लागलोय.

पुढे मी एक मोठा गाढवपणा केला. पानाच्या डोक्यावर शकाचं वर्ष जुनं होतं. बांधून झालेलं पान एका वेगळ्या फोल्डरात येतं, मी तिथे गेलो, वर्ष शोधलं, बदललं. छान दिसलं. दुसऱ्या दिवशी काही कारणाने बिल्ड केलं तर वर्ष पुन्हा जुनं. पुन्हा बदललं. पुन्हा बिल्ड, पुन्हा जुनं. असं तीनदा. मला वाटलं हत्यार खोडी काढतंय. पोरीला सांगितलं तर ती एवढी हसली की तिच्या ऑफिसातला कोणीतरी विचारायला आला.

"बाबा, ते फोल्डर दर वेळी पुसून नवीन बांधतं ते. तयार झालेल्या पानात हात घालायचा नाही. मुळात घालायचा."

चाळीस वर्षांची सवय, दुसरं काय. जिथे गळतंय तिथे हात घालायचा. इथे गळती एकीकडे नि हात दुसरीकडे. मुळातल्या फाइलीत वर्ष बदललं, राहिलं.

मग तिथ्या. नवीन कॅलेंडर टेबलावर ठेवलं नि एकेक दिवस उतरवायला बसलो. बायकोची पद्धत अशी की तारखा लिहायच्या नाहीत. पाडव्यापासून एकामागून एक नुसते तिथीचे आकडे, एकेका महिन्याची एकेक रांग. काही वेळा एक तिथी दोन दिवस असते, काही वेळा एखादी तिथी येतच नाही. ते कॅलेंडरात बघून जसंच्या तसं लिहायचं. सकाळी एक रांग, दुपारी जेवून एक रांग. डोळ्यांना पाणी यायचं, पण ते चष्म्याचा नंबर वाढल्यामुळे.

फाल्गुन अमावास्येचा शेवटचा आकडा टाकला तेव्हा पाडव्याला चार दिवस होते. कमांड चालवली. हत्यार थांबलं नि काळ्या खिडकीत लाल ओळ आली. इंग्रजी अक्षरांत, पण मराठी. मी एकेक अक्षर जुळवत वाचलं.

महिने बारा हवेत. तेरा आलेत. नीट बघ.

ही बायको होती. ती तपासणीची फाइल मी सांगितली ना, ती तिने स्वतः लिहिलेली. बिल्ड व्हायच्या आधी ती तिथ्या मोजते नि चुकलं असेल तर गाडी पुढे जाऊ देत नाही. लाल अक्षरांत ती स्वतःलाच बजावत होती, पण मला तर ते मलाच म्हटल्यासारखं वाटलं. चाळीस वर्षं तेच ऐकत आलोय. नीट बघा. नीट बघितलंत का.

मी नीट बघितलं. रांगा मोजल्या. तेराच होत्या, नि तेराच बरोबर होत्या. यंदा अधिक महिना आहे, ज्येष्ठ दोनदा येतो. बायकोने पान केलंन त्यानंतर अधिक महिना आलाच नव्हता. तिच्या तपासणीत बारा लिहिलेले.

पोरगी म्हणाली, "ती तपासणीच काढून टाका. कॉन्फिगमधली एक ओळ पुसली की झालं. दोन मिनिटांचं काम."

"नाही काढणार."

"बाबा, चार दिवस राहिलेत."

"ती ओळ का आहे ते तुला ठाऊक नाही."

तिला खरंच ठाऊक नव्हतं. पहिल्या वर्षी बायकोच्या हातून आश्विनातला एक दिवस लिहायचा राहिला. आकडे एकामागून एक, त्यामुळे एक गळला की पुढचं सगळं एक दिवस पुढे. पान रोज उद्याची वेळ दाखवायला लागलं, म्हणजे पाऊण तास उशिराची. बायका त्या वेळेवर खडपावर गेल्या नि पाणी आधीच वळलेलं. टोपल्या डोक्यावर धरून छातीभर पाण्यातून परत आल्या. भाभी त्यात होती. कोणी गेलं नाही, पण बायको दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी बसून तिने ती तपासणी लिहिलीन. ती ओळ मी पुसू? माझे पण आकडे एका बोटाने मारलेले, डोळे असे.

पण बारा नि तेराचं काय करायचं हे मला सुचत नव्हतं. बाराच्या जागी तेरा लिहायचे हे सोपं. मग पुढच्या वर्षी पुन्हा बारा करायचे, ते लक्षात कोण ठेवणार? मी असेन की नसेन. आणि महिने मोजून आश्विनातला गळलेला दिवस सापडतो कसा, हे पण मला कळेना. मी फाइल उघडून बघितली. महिने बारा, नि वर्षाचे एकूण दिवस अमुक ते अमुक, एवढंच तिने मोजलं होतंन. त्या अमुक ते अमुकमध्ये एखादा दिवस सहज बुडाला असता. बायकोचं हे काम ढिलं होतं. मी हे पहिल्यांदाच म्हणतोय, नि म्हणायला ती समोर नाही.

दुपारी भाभीकडे गेलो. ती पडवीत कालवं फोडत बसली होती. पाडव्याला पान येणार की नाही ते तिला सांगणं भाग होतं.

"तेरावा महिना कुठला?" तिने विचारलंन.

"अधिक."

"तो होय. जावयाला बोलावून गोडधोड घालता तो."

"तोच."

"आमच्यात नाही तसलं काही. आमचे बाराच. म्हणून तर ईद दरवर्षी अलीकडे सरकते." तिने एक शिंपला उघडलान, गर भांड्यात टाकलान. "पण भाऊ, चांद काय तुमचा वेगळा नि आमचा वेगळा आहे?"

"नाही."

"मग पाणी कोणाच्या चांदावर चढतं?"

"चांदावर चढतं. कोणाच्याही."

"तर महिन्यांची नावं कशाला मोजत बसलात. तुम्ही ज्येष्ठ दोनदा म्हणा नाहीतर पाचदा म्हणा. चांदाचा महिना एकोणतीस नाहीतर तीस. अठ्ठावीस नाही, एकतीस नाही. आम्ही एकोणतिसाव्या दिवशी वर बघतो. दिसला तर झाला महिना, नाही तर उद्या. लहान पोराला कळतं."

"मी लहान नाही ना, म्हणून नाही कळलं."

"बाई असत्या तर त्यांना कळलं असतं."

"बाईंनाच कळलं नव्हतं," मी म्हटलं.

भाभी हसली. बायको गेल्यापासून आमच्या दोघांत कोणी हसलं नव्हतं.

घरी आलो ते जवळजवळ धावत. गुडघ्यांना विचारलं नाही. पोरीला फोन लावला. तिची मीटिंग होती, तरी तिने उचललान. म्हटलं, ऐक. महिने मोजायचे नाहीत. बारा असोत, तेरा असोत. प्रत्येक रांगेत दिवस एकोणतीस किंवा तीस आहेत का तेवढं बघायचं. नसतील तर थांबायचं, नि कुठली रांग ते सांगायचं. बाण दाखवतं ना ते हत्यार, तसं सांगायचं.

पोरगी म्हणाली, "हे तुम्हाला कोणी सांगितलंन?"

"भाभीने. चांद बघून."

तिने मला तपासणीच्या फाइलीतल्या चार ओळी सांगितल्यान, कॉन्फिगमधली एक. मी लिहिल्या. बायकोची ओळ पुसताना हात थांबला, खोटं कशाला बोलू. मग मी तिचे शब्द ठेवले नि आकडे बदलले. महिन्याचं नाव यायचं त्या जागी महिन्याचं नाव, दिवस यायचे त्या जागी दिवस. शेवटी 'नीट बघ' तसंच.

कमांड चालवली. लाल.

भाद्रपद. दिवस अठ्ठावीस आलेत. नीट बघ.

मी कॅलेंडर उघडलं नि भाद्रपदाच्या रांगेवरून बोट फिरवलं. ऋषिपंचमीचा दिवसच नाही. कॅलेंडरावर आमटीचा थेंब पडून दोन चौकोन एकमेकांत गेले होते नि मी सरळ पुढे उडी मारली होती. म्हणजे बारा-तेराचं मिटवून, तपासणी पुसून, मी पान वर टाकलं असतं तर गणपतीपासून पुढे सगळ्या बायका पाऊण तास उशिरा उतरल्या असत्या. जुन्या तपासणीनेही हे पकडलं नसतं. नवीनने पहिल्याच फेरीत पकडलं.

तो दिवस लिहिला. कमांड चालवली. हिरवं.

मी खुर्चीत बसून ती हिरवी ओळ बराच वेळ बघत होतो. खरं सांगतो, समुद्रात बंद पडलेली लाँच मी भर लाटांत चालू केलेली आहे, तांडेलाने मिठी मारलेली आहे, तेव्हा पण एवढं झालं नव्हतं. ती दुसऱ्याची इंजिनं होती. पोरीने तिकडून पान उघडलंन, पुढचे महिने सरकवून बघितलेन, दोन्ही ज्येष्ठ बघितलेन, पाचही जागा बघितल्यान. मग म्हणाली, "बाबा, कागदावर बरोबर आहे. पाण्यावर कोण बघणार?"

बरोबर विचारलंन. आईची पोरगी.

पाडव्याच्या दिवशी उजाडता उजाडता मी काठावर होतो. पानावर खडपाची सुकती सात वाजून पाच मिनिटं. पाण्याकडे बघून काही कळत नव्हतं, अजून सगळीकडे होतं. भाभी सुनांना घेऊन आली. तिने फोन बघितलान नाही. खडपाच्या टोकाला एक काळा दगड आहे, शेवटच्या क्षणी उघडा पडतो, तिकडे बघत उभी राहिली. सुना फोन बघत होत्या. मी घड्याळ बघत होतो.

पाणी उतरत गेलं. आधी खडपाची पाठ दिसली, मग कालवांची पांढरी कवचं, मग मधला चर. सातला दगडाचं टोक वर आलं नि त्याच्याभोवतीचं पाणी जागच्या जागी थांबलं. पुढे जाईना, मागे येईना. मी पाच मिनिटं मोजली. मग दगडाच्या मागच्या बाजूने एक बारीकशी ओळ आत सरकली. वळलं.

"सात वाजून पाच," मोठी सून म्हणाली. "तेवढंच लिहिलंय ह्यात."

भाभीने पदर खोचलान. "बरोबर आहे," ती मला म्हणाली, "पण आता उभं राहून बघायचं नाही, भाऊ. तुमच्या तपासणीपायी आमचा अर्धा तास गेला. उद्यापासून आम्ही आधीच उतरणार."

नि पाणी चढायच्या आत होईल तेवढं करायला त्या उतरल्या. एकीमागून एक, टोपल्या कमरेला, लोखंडी सळया हातात. थोड्या वेळाने खडपावरून कालवं फोडल्याचा आवाज यायला लागला.

मी तिथूनच पोरीला फोन लावला. सुट्टीचा दिवस, झोपेतून उठली.

"पाण्यावर बघितलं," मी म्हटलं. "पान बंद करू नकोस."

"नाही करत," ती म्हणाली. मग विचारलंन, "बाबा, पुढच्या वर्षी तिथ्या कोण भरणार?"

"मी आहे की."